पेटीवर १:८७, आत १:७६: वॅगनच्या २० किटबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बॉक्स-एन वॅगनच्या २० किटमध्ये चुकीच्या मापाचे सांगाडे आल्याबाबत, बदली माल किंवा पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

१२ जूनला मी आपल्याकडून बॉक्स-एन या वरून उघड्या मालगाडी वॅगनची, घरी जोडायची २० मॉडेल किट मागवली. पेटीवर माप १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, असं छापलं आहे. दर नगाला १,३५० रुपये, एकूण २७,००० रुपये आगाऊ भरले. पार्सल २६ जूनला नागपूरला घरी पोहोचलं. त्यानंतर आपल्या ग्राहक सेवेला दोनदा फोन केला, तीन मेल पाठवले. समाधान झालं नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. बिलाची प्रत आणि व्हर्नियर कॅलिपर लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आधी ही किट कशासाठी घेतली ते सांगतो, म्हणजे नुकसान नेमकं काय झालं ते कळेल. मी भिलाई पोलाद कारखान्याच्या वाहतूक विभागात ३४ वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर वरच्या खोलीत १:८७ मापात तिथल्या यार्डाचं मॉडेल उभं करतोय. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींहून ओअरची (लोहखनिजाची) रेक, म्हणजे वॅगनची अख्खी माळ, येते, टिपलर या वॅगन उलटवणाऱ्या यंत्रावर रिकामी होते आणि परत जाते, एवढाच भाग घेतला आहे. अख्खी रेक ५८ वॅगनची असते. माझ्या खोलीत २० च मावतात, म्हणून २० किट.

यातला टिपलर आम्ही दोघांनी केला. माझ्याबरोबर पाळीत असलेले एक सहकारी दर महिन्याला दुर्गहून येतात, दोन दिवस राहतात. खऱ्या टिपलरवर त्यांनी वर्षानुवर्षं वॅगन उलटवल्या आहेत. वॅगन पाळण्यात येऊन थांबते, वरून पकड बसते आणि रुळासकट सगळं फिरून ओअर खालच्या हॉपरमध्ये पडतं. पितळी पट्ट्या आणि १२ व्होल्टची गिअर मोटर वापरून तेच आम्ही छोट्या मापात जमवलं. आठ महिने लागले. पाळण्यातल्या रुळाचा तुकडा आहे १२५ मिमी. खरी बॉक्स-एन एका टोकाच्या कपलरपासून (वॅगन जोडायच्या आकड्यापासून) दुसऱ्या कपलरपर्यंत १०,७१३ मिमी असते. त्याला ८७ ने भागलं की १२३ मिमी येतात. दोन मिमी मोकळे ठेवले होते.

आपली पहिली वॅगन जोडली ती १४० मिमी भरली. पाळण्यात शिरलीच नाही.

आधी वाटलं, जोडताना माझंच काही चुकलं. म्हणून न जोडलेल्या किटमधला सांगाडा काढून मोजला. खऱ्या वॅगनची हेडस्टॉकपासून (टोकाच्या आडव्या तुळईपासून) हेडस्टॉकपर्यंत लांबी ९,७८४ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये एकशे साडेबारा मिमी हवी. आपला सांगाडा १२८ मिमी आहे. रुंदी ३७ च्या जागी ४२. ही दोन्ही मापं १:७६ ची, म्हणजे ओओ स्केलची आहेत. एचओ (म्हणजे १:८७) आणि ओओ या दोन्ही गाड्या १६.५ मिमी अंतराच्या रुळांवरच धावतात, त्यामुळे कारखान्यात अशी सरमिसळ होऊ शकते हे मी समजू शकतो. पण किटमधल्या कॅसनब प्रकारच्या बोगी (वॅगनखालच्या चाकांच्या चौकटी) मात्र बरोबर १:८७ च्या आहेत: खऱ्या बोगीच्या दोन आसांमधलं अंतर २,००० मिमी, आपल्या बोगीचं २३ मिमी. म्हणजे एकाच पेटीत एका मापाचा सांगाडा आणि दुसऱ्याच मापाची बोगी आहे. जोडलेली वॅगन समोर ठेवली की थोराड अंगाखाली लहान मुलाचे पाय लावल्यासारखी दिसते.

इथे एक खुलासा करतो, कारण फोनवर घोटाळा झाला. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. मी बोगी म्हणतो ती डब्याखालची, दोन आसांची आणि चार चाकांची चौकट. तिची तक्रार नाही. दोष वरच्या सांगाड्यात आहे.

फोनवरच्या मुलाने मला सांगितलं, "काका, थोडं घासून बसवा." तो नम्रपणे बोलला, त्याच्यावर राग नाही. पण १६ मिमी घासून कमी करायचे म्हणजे वॅगनच कापावी लागेल. बाजूच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामधली अंतरं, खालच्या बोगी-केंद्रांची भोकं, सगळंच बिघडेल. ती भोकं ७५ मिमीवर हवीत, आपली ८५ च्या पुढे आहेत.

चाकांबद्दलही सांगायचं आहे. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साडेचौदा मिमीच्या आसपास हवं. मी सगळे ८० जोड मोजले. १७ जोडांत ते १४ च्या खाली आहे. असा जोड सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, रूळ सोडतो. हे मी स्वतः खेचून नीट करू शकतो आणि करेनही, पण आपल्या तपासणीत हे सुटायला नको होतं.

किटमध्ये "आयर्न ओअर" म्हणून प्लास्टिकचा काळा ढीग दिला आहे, तोही काठाच्या वर आलेला. बॉक्स-एनमध्ये ओअर असा कधीच भरत नाहीत. वॅगनची क्षमता सुमारे ५८ टन आणि ओअर जड, त्यामुळे निम्मी वॅगन भरायच्या आतच वजन पुरं होतं. फलाटावरून पाहणाऱ्याला वॅगन रिकामी वाटते. शिवाय राजहऱ्याचा ओअर लाल असतो. पावसात यार्डातली खडी, बूट, हातमोजे, सगळं त्या रंगाचं व्हायचं. काठावर आलेला काळा ढीग हा कोळसा झाला. त्यासाठी पैसे मागत नाही, मी लाल बारीक चुरा चाळून घेतला आहे. पण ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही ते आपल्या पेटीवर विश्वास ठेवून तेच खरं धरतील, म्हणून लिहिलं.

माप काटेकोर हवं हा माझा हट्ट नाही, हेही नोंदवतो. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिमी आहे, १:८७ मध्ये ते १९ मिमीहून जास्त हवं. तसा रूळ सहज मिळत नाही म्हणून मी १६.५ वर भागवतो आणि त्याबद्दल कधी कुरकुर केलेली नाही. मला ठाऊक असलेली तडजोड मी करतो. पेटीवर १:८७ छापून आत १:७६ देणं ही तडजोड नाही, चुकीचा माल आहे.

आपल्या मेलमध्ये "उघडलेला माल परत घेतला जात नाही" असं उत्तर आलं. माप चुकलंय हे पेटी उघडल्याशिवाय कळणार कसं? १९ किट न जोडलेली, न रंगवलेली आहेत. जोडलेलं ते एक किटही, रंग न दिलेलं, परत द्यायला मी तयार आहे.

माझं म्हणणं असं: २० सांगाडे खऱ्या १:८७ मापाचे बदलून द्यावेत, पाठवण्याआधी एका सांगाड्याचा मोजपट्टीसह फोटो मला पाठवावा. तसे सांगाडे आपल्याकडे नसतील तर २७,००० रुपये परत करावेत. काहीही केलंत तरी उरलेल्या पेट्यांवरचं माप आधी दुरुस्त करावं. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. तिथवर जायची वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण भारतीय वॅगनची किट करणारे आधीच मोजके आहेत आणि आपल्या बोगी खरोखर सुरेख आहेत.

माझे सहकारी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहेत. त्याआधी निदान एक योग्य मापाचा सांगाडा आला तर टिपलर चालवून पाहता येईल. पार्सल न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी फोन करावा. सगळी किट मूळ पेट्यांमध्ये बांधून ठेवली आहेत.

आपला,
एक ग्राहक, नागपूर
नाव, पत्ता आणि फोन क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत.