आई, रडू आलं म्हणून माफी मागू नकोस

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आपण तिघंही तब्येत आणि औषधांच्या पलीकडे फारसं जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. विषय तुमच्या दोघांच्या मनाचा आहे. आई, मावशी गेल्यापासून बोलता बोलता तुझा गळा दाटतो, आणि लगेच तूच म्हणतेस, "जाऊ दे गं, वय झालं की असंच होतं." बाबा, गाडी चालवणं बंद केल्यापासून तुमचा आवाज चढतो आणि मग बराच वेळ तुम्ही कुणाशी बोलत नाही. तुम्हाला दोघांनाही या गोष्टींची लाज वाटते, हे मला कळतं. मला मात्र त्यात लाजण्यासारखं काहीच दिसत नाही. मावशी गेल्यानंतर मी या विषयावर बरंच वाचत बसले. त्यातलं जे तुमच्यापर्यंत पोचावं असं वाटलं, ते इथे लिहिते आहे.

लहानपणापासून आपल्या सगळ्यांना भावना आवरायला शिकवलं जातं. त्या येतात कशासाठी, हे कुणी सांगत नाही. राग वाईट, भीती भित्र्यांची, रडणं दुबळ्यांचं, आणि आनंद तेवढा चांगला, असा हिशेब पक्का झालेला असतो. खरं तर भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले, त्यांत रती, हास, उत्साह, विस्मय आहेत तसेच शोक, क्रोध, भय आणि जुगुप्साही आहेत. निम्मे भाव आपल्याला नकोसे वाटणारे, तरी त्यांनी ते गाळले नाहीत. माणूस पुरा दाखवायचा तर ते लागतातच.

बाबा, तुम्ही कायम म्हणत आलात की निर्णय डोक्यानं घ्यावेत, भावनेला मध्ये आणू नये. म्हणून तुमच्यासाठी एक हकीकत. अँटोनिओ दमासिओ नावाच्या मेंदूतज्ज्ञानं ती लिहून ठेवली आहे. त्यांच्या एका रुग्णाच्या मेंदूत पुढच्या बाजूला गाठ झाली. ऑपरेशन करून गाठ काढली, पण तिच्याबरोबर आसपासचा खराब झालेला भागही काढावा लागला. ओळख कळू नये म्हणून दमासिओंनी त्याला 'एलियट' हे नाव दिलं. बुद्धीच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत एलियट व्यवस्थित होता. बोलणं, आकडेमोड, सगळं शाबूत होतं. पण त्याला काही वाटेनासं झालं होतं. स्वतःवर कोसळलेली संकटं तो तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी सांगायचा. भावना मध्ये येत नाहीत म्हटल्यावर त्याचे निर्णय अचूक व्हायला हवे होते, नाही का? झालं उलटंच. कागदपत्रं लावायला घेतली की ती तारखेनं लावावीत की विषयानं, यावरच त्याची दुपार सरायची. नोकरी गेली, भलत्या व्यवहारात पैसे गेले, संसारही मोडला. अशीच दुखापत झालेल्या दुसऱ्या एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं मांडत बसला.

हे वाचल्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. पर्याय तोलायला डोकं लागतं, पण तोलणं थांबवून 'हे बरं' असं ठरवायला आत कुठेतरी काहीतरी वाटावं लागतं. बाबा, आयुष्यभर तुम्ही जे निर्णय घेतलेत, तेही असेच घेतलेत. हिशेब तुम्ही मांडलात, पण कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे तुमच्या मायेनं आणि काळजीनं ठरवलं. आम्हाला शिकवण्यासाठी तुम्ही काय काय सोडलंत, ते निव्वळ आकडेमोडीतून आलेलं नव्हतं.

भीतीचंही असंच. शास्त्रज्ञांच्या लेखनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक बाई आहे. एका दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला आणि बाहेरच्या धोक्यांची भीती तिला वाटेनाशी झाली. सापांच्या दुकानात नेलं तर ती त्यांना हात लावायला पुढे सरसावली. एका रात्री बागेतून जाताना एका माणसानं तिच्या गळ्याला सुरी लावली. त्यातून सुटल्यावर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच बागेतून चालत गेली. शूर म्हणावं असं त्यात काही नाही. तिला धोक्याची सूचना देणारंच कुणी आत उरलं नव्हतं.

आई, तुझ्या काळजीबद्दल आम्ही सगळेच तुला बोलतो. मी फोन उचलला नाही की तुझ्या मनात नको नको ते येतं, आणि मग मी सुखरूप असल्याचं कळल्यावर तू स्वतःलाच दोष देतेस. रँडॉल्फ नेसी या मनोविकारतज्ज्ञानं यावर एक समजूत मांडली आहे, ती मला फार पटली. घरात धूर ओळखणारा भोंगा असतो ना, तो साधं काही करपलं तरी कोकलतो. असा दहादा उगाच वाजला तर नुकसान थोडंच होतं. खरी आग लागली असताना एकदाच वाजला नाही तर सगळंच जातं. म्हणून तो जरा जास्तच वाजावा असाच बनवलेला असतो. आपली भीतीही तशीच घडली आहे. म्हणजे तुझी काळजी बऱ्याचदा खोटी ठरते, यात तुझ्या स्वभावाचा दोष नाही. फक्त काळजी वाटली की एक प्रश्न विचारत जा: आत्ता मला यावर काही करता येईल का? येत असेल तर ते करायचं आणि काळजीचं काम झालं म्हणायचं. आपण दोघींनी रात्री एक निरोप टाकायचं ठरवलं, ते तुझ्या काळजीमुळेच ठरलं की. आणि काहीच करण्यासारखं नसेल, तर नुसतं 'मला भीती वाटते आहे' असं बाबांना मोठ्यानं सांग. हे ऐकायला फार साधं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यांची चित्रं पाहताना त्यावरच्या भावनेला शब्द दिला की बघणाऱ्याच्या अमिग्डलाची हालचाल कमी झालेली दिसली.

आता बाबा, तुमचा राग. हे लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण तुमच्याशी या विषयावर मी कधी बोललेले नाही. राग येतो तो आपली वाट कुणी अडवली, आपलं काही काढून घेतलं, आपल्यावर अन्याय झाला, असं वाटलं की. आणि त्याचं काम असतं ते परत मिळवायला अंगात बळ आणणं. तुमच्याकडून काय काढून घेतलं गेलं, ते मला दिसतं. गाडीपेक्षा ते मोठं आहे. मनात आलं की कुणाला न विचारता उठून जायचं, ही गोष्ट गेली. दृष्टीमुळे तो निर्णय घ्यावाच लागला आणि तो तुम्ही स्वतः घेतलात, याचा मला अभिमान आहे. पण म्हणून गेल्याचं दुःख होऊ नये, असं थोडंच आहे? तुमचा राग म्हणतोय की मला अजून माझ्या मर्जीनं जगायचं आहे. ते अगदी रास्त आहे. अडचण एवढीच की तो वर्तमानपत्राच्या विस्कटलेल्या पानांवर निघतो, रिमोटवर निघतो, आणि बहुतेक वेळा आईवर निघतो. त्यानं तुमची मोकळीक काही परत येत नाही.

'राग काढून टाकला की माणूस मोकळा होतो' असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चिडलेल्या लोकांना, ज्यानं चिडवलं त्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं होतं. त्यांचा राग वाढला. काहीही न करता नुसते बसलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत राहिले. तेव्हा राग ऐकायचा, पण त्याच्या हाती घर द्यायचं नाही. तो जे मागतो आहे त्यातलं किती परत आणता येईल ते बघू. आठवड्यातले काही वेळ ठरवून चालक बोलवायचा, आणि कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कधी परतायचं, हे सगळं तुम्हीच ठरवायचं. आईला किंवा मला त्याचं कारण सांगायची गरज नाही.

आणखी एक, बाबा. प्रत्येक चिडचिडीला खोल अर्थ असतोच असं नाही. झोप झाली नाही, गुडघा ठणकतो, समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकू येत नाही, तरी माणूस चिडतो. तुम्ही हल्ली सगळ्यांना "नीट मोठ्यानं बोला" म्हणता. कान तपासून घ्यायचे राहिले आहेत.

आई, तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचं होतं आणि सगळ्यात अवघड तेच आहे. तू आणि मावशी रोज संध्याकाळी बोलायचात. किती वर्षं, ते तुम्हालाच माहीत. त्या वेळेला तुझं मन अजूनही फोनची वाट बघतं, आणि रोज नव्यानं त्याला कळतं की तो येणार नाही. इतक्या वर्षांची सवय मोडून मनाला नवी घडी बसवायची असते. त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यासाठी दुःख आपल्याला मंद करतं. कुठे जाऊ नये, कुणात मिसळू नये, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा आठवाव्यात असं वाटतं, ते त्याचसाठी. दुसरं काम अश्रूंचं. आजवर जे माहीत आहे त्यानुसार भावनेनं डोळ्यांत पाणी येणारा प्राणी माणूसच. शब्द फुटत नसतानाही 'माझ्याजवळ ये' हे समोरच्याला सांगायची सोय आहे ती. आणि तू ते पाणी पदरानं पुसून "काही नाही" म्हणतेस, म्हणजे जवळ येणाऱ्याला तूच दारातून परत पाठवतेस.

दाबून ठेवल्यानं काय होतं, यावर जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी 1990 च्या दशकात प्रयोग केले. लोकांना किळसवाणी, दुःखाची दृश्यं दाखवली आणि त्यातल्या काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते जमवलं. पण आतलं वाटणं कमी झालं नाही, आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. पुढे 2003 साली आलेल्या एका अभ्यासात अनोळखी बायकांच्या जोड्यांना मन हेलावणारा माहितीपट दाखवून त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती की भावना दिसू द्यायच्या नाहीत. तिच्यासमोर बसलेल्या, काहीच माहीत नसलेल्या बाईचा रक्तदाब वाढला. बाबा, हे तुम्ही दोनदा वाचा. आईनं रडू नये म्हणून तुम्ही विषय बदलता, तो मायेपोटीच बदलता. पण तिनं गिळलेलं दुःख घरातून जात नाही. पुढच्या वेळी तिचे डोळे भरले तर काही समजावू नका, उपाय सुचवू नका. मावशीची एखादी आठवण तुम्ही सांगा. तुम्हालाही ती चाळीस वर्षांवर ओळखत होती.

म्हणूनच 'सकारात्मक राहा' हा सल्ला मला आवडत नाही. तो देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला आपलं दुःख लपवायला लावतो.

एक रेघ मात्र लक्षात ठेवा, दोघांनीही. जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटतं किंवा कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं आहे, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं आहे, तर ते डॉक्टरांना सांगायचं. उतारवयात नैराश्याचा हा आजार कधी कधी उदासीऐवजी अंगदुखी, थकवा किंवा चिडचिड अशा रूपात येतो, म्हणून तो ओळखू येत नाही. त्यावर उपचार आहेत. आई, तू फोनवर अजूनही मावशीच्या खोड्या सांगताना हसतेस, म्हणून मला आज ती धास्ती नाही. पण जगण्यात अर्थ नाही असं कधी मनात आलंच, तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मला फोन करा. माझ्यापासून लपवू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात की हल्ली फार लोकांत जावंसं वाटत नाही, दोन-तीन मित्र पुरतात. त्याची खंत करू नका. लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वयाचा आणि भावनांचा अभ्यास करत आल्या आहेत. पुढचा काळ मोजका आहे असं जाणवलं की माणसं ओळखीपाळखीचा पसारा आवरतात आणि ज्यांच्यात मन रमतं त्यांनाच वेळ देतात, असं त्या सांगतात. पुष्कळ वयस्कर माणसं तरुणांपेक्षा मनानं जास्त स्थिर असतात, हेही त्यांच्या अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा त्या दोन-तीन मित्रांना घरी बोलवा.

माझंही सांगते. तुमच्यापासून लांब असल्याची टोचणी मला असते. ती जावी असं मला वाटत नाही. तिच्यामुळेच मी तुमचे रिपोर्ट स्वतः वाचते, डॉक्टरांना प्रश्न विचारते, आणि हे पत्रही तिनंच लिहून घेतलं आहे.

पुढच्या रविवारी फोन करेन तेव्हा आधी औषधांचं विचारणार नाही. आई, मावशीबद्दल बोलू या, हवं तेवढं रड. बाबा, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून तिथेच बसा. आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशी घ्यायची, ते तुम्ही ठरवून मला सांगा.

तुमची,
लेक