देझिरेच्या शोकांतिकेमागचा कायदा

रविवार पुरवणीतील अमेरिकी लेखिका केट शोपॅन यांच्या ‘देझिरेज बेबी’ (१८९३) या कथेवरील लेखात देझिरेची शोकांतिका हा ‘नियतीचा खेळ’ ठरवला आहे, हे मला मान्य नाही. गुलामगिरीच्या काळातील लुइझियाना या अमेरिकी राज्यात घडणाऱ्या या कथेत बाळाच्या वर्णावरून आर्मां आपली पत्नी देझिरे हिला दूर लोटतो, तेव्हा त्याच्या अहंकाराला तिथल्या कायद्याचे पाठबळ असते. १७२४ च्या ‘कोड न्वार’ या फ्रेंच गुलामगिरी कायद्यापासून तिथे गोऱ्या-काळ्यांचा विवाह निषिद्ध होता आणि अपत्याची गुलामी आईच्या दर्जावरून ठरत असे, म्हणूनच जिचे जन्मदाते अज्ञात आहेत त्या देझिरेवर संशय येताच आर्मांला पुराव्याची गरज वाटत नाही. कथेच्या शेवटी कळते की आफ्रिकी वंशाची होती ती आर्मांचीच आई, आणि त्याच्या वडिलांनी तिच्यासोबतचा संसार तिच्या मृत्यूपर्यंत पॅरिसमध्ये केला. या दाम्पत्याचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे मला फार वाईट वाटले, कारण लुइझियानात निषिद्ध असलेला संसार पॅरिसमध्ये टिकतो, यातच शोपॅन यांचा खरा आक्षेप उघड होतो. कथा संग्रहात आली त्याच १८९४ साली लुइझियानाने १८७० मध्ये उठवलेली ही विवाहबंदी पुन्हा लागू केली आणि ती अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या निकालापर्यंत टिकली.

– एक वाचक, सातारा