काउंटरच्या अलीकडून

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर बोललास ते डोक्यातनं जाईना, म्हणून औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून इथंच लिहायला बसलोय. तुझा मित्र त्या पार्टीत नशेत बेशुद्ध पडला, तुम्ही त्याला दवाखान्यात नेलं, सकाळी डोळे उघडले. अंबाबाईनं राखलं. पण "तू तरी सांभाळून असतोस ना रे?" असं मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "आण्णा, आमच्यात सगळे ओळखीचेच असतात. अनोळखी माणसाला आम्ही बोलवतच नाही."

हे वाक्य मी या काउंटरवर एकतीस वर्षं ऐकतोय. शब्द तेवढे निराळे. कुणी म्हणतं, माणूस चांगल्या घरातला आहे. कुणी म्हणतं, त्याचं लग्न झालंय, त्याला कसला रोग असणार? कुणी नुसतं अंगापिंडानं धडधाकट आहे म्हणून निर्धास्त असतं. ओळख झाली म्हणजे तपासणी झाली असं नाही रे. ज्याच्या अंगात एचआयव्हीचा विषाणू आहे त्याला स्वतःलाच कित्येक वर्षं पत्ता नसतो, तो तुला काय सांगणार?

तुला उपदेश करायचा अधिकार मला कितपत आहे ते आधी सांगतो. बावीस वर्षं मी तंबाखू मळली. लहानपणी माझी चुन्याची डबी तूच भरून आणायचास, आठवतंय? तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला ज्या हातानं गोळ्या मोजून द्यायचो त्याच हातानं पुडी फोडायचो. तंबाखूनं काय होतं ते मला पाठ होतं, परीक्षेत लिहून आलो होतो. मग गालाच्या आत पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी आणि तुझी आई जेवणाच्या ताटावर नुसते बसून असायचो. चट्टा साधा निघाला. त्या दिवसापासून तंबाखूला हात लावला नाही. पण त्या नऊ दिवसांत एक गोष्ट कळली. धोका मला सगळा ठाऊक होता, फक्त तो माझा वाटत नव्हता.

तू शिकलेला आहेस, तुलाही सगळं ठाऊक असणार. मी विचारतोय ते वेगळं आहे. तुला तो तुझा वाटतो का?

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. तुला पुरुष आवडतात हे तू दिवाळीत आम्हाला सांगितलंस, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. एक पोरगा, विशीतला, एका संध्याकाळी तीनदा दुकानात आला. पहिल्यांदा खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, मग बामची डबी, मग नुसतंच काचेतल्या कंडोमच्या पाकिटांकडं बघितलं आणि शेजारी तालमीतली पोरं उभी होती म्हणून निघून गेला. मला कळलं होतं त्याला काय पाहिजे ते. मी हाक मारली नाही. उलट मीही नजर फिरवली. त्या पोराला त्या रात्री रोगाची भीती नव्हती, पेठेची होती. आणि त्या पेठेत मीही होतो.

तुझं कळल्यावर हाच पोरगा मला सारखा आठवायला लागला. मग वाचत बसलो. तेव्हा कोलंबिया विद्यापीठात असलेल्या इलान मेयर यांनी 2003 मध्ये याची नीट मांडणी केलीय, 'अल्पसंख्याकांचा ताण' म्हणून. लपवत राहणं, कुणी ओळखेल का हे सतत चाचपणं, स्वतःचीच लाज वाटणं, या सगळ्याचा भार तब्येतीवर पडतो असं त्यांचं म्हणणं. मला ते लगेच पटलं. ज्याला दिवसभर उघडं पडायची भीती आहे, त्याला महिन्यांनी किंवा वर्षांनी होणाऱ्या आजाराची भीती कुठून वाटणार? आणि दोन पेग पोटात गेल्याशिवाय ज्याला जवळ जायचंच धाडस होत नाही, त्याला दारू धोक्याची कशी वाटेल? त्याला ती औषध वाटते. 6 सप्टेंबर 2018 पर्यंत तर कायदाही, कलम 377, तुमच्या विरोधात होता. अंधारात, घाईत, नाव न विचारता उरकायची सवय पिढ्यांना लागली ती उगाच नाही.

आता त्या पार्ट्यांचं. तुम्ही ज्याला 'हाय फन' म्हणता ते म्हणजे नशा करून संबंध, हे मला आता कळलंय, त्यामुळं मला सांगताना शब्द गिळू नकोस. घेऊ नकोस असंच बाप म्हणून माझं सांगणं आहे. पण घेणारे तुझ्या भोवती आहेत, म्हणून फार्मासिस्ट म्हणून हेही सांगतो. एमडीनं, म्हणजे मेफेड्रोनच्या पावडरीनं, झोप, तहान, भूक मरते, उतरायला लागलं की लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, आणि पहाटेपर्यंत कंडोमची आठवण कुणालाच राहत नाही. सुईनं घेणाऱ्यांनी सुई वाटून घेतली तर एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस सी पण जातो. 'जी' म्हणून जे नशेचं पातळ द्रव असतं ते दारूबरोबर गेलं की श्वास थांबू शकतो. आणि पॉपर्स, म्हणजे बाटलीतनं हुंगायचं ते नशेचं रसायन, हुंगून वर ती व्हायग्राची निळी गोळी कुणी घेत असेल तर त्याचा हात धर. हृदयाच्या पेशंटला सॉर्बिट्रेट चालू असेल तर मी ती निळी गोळी कितीही पैसे दिले तरी देत नाही, कारण दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं. पॉपर्स त्याच जातीचं आहे. हे किती जणांना ठाऊक असतं? चिठ्ठी न मागता गोळी देणारे दुकानदार सांगत नाहीत.

कुणी पडला तर त्याला एका कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, 108 ला फोन करा, आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. परवा तुम्ही अर्धा तास 'पोलीस केस होईल का' यावर घालवलात असं तू म्हणालास. तो अर्धा तास मला अजून झोपू देत नाही.

एचआयव्हीची तपासणी तू दोन वर्षांपूर्वी एकदाच केलीस. त्या डॉक्टरनं "लग्न झालंय का?" विचारलं, पुढं जे बोलला ते बोलला, आणि तू परत गेलाच नाहीस. त्याचा राग मलाही येतो. पण त्याच्या तोंडाची शिक्षा तुझ्या शरीराला का? सरकारी आयसीटीसी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी मिळते तिथं, तपासणी फुकट होते, 1097 या हेल्पलाइनवर फोन केला तर जवळचं केंद्र कळतं. एचआयव्हीचा कायदा 377 च्या निकालानंतर चारच दिवसांनी, 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला. तुझ्या संमतीशिवाय तपासणी करायची नाही आणि निकाल बाहेर फोडायचा नाही, असं त्यात आहे. पॉझिटिव्ह आलाच तर औषध फुकट मिळतं, रोज एक गोळी, आणि विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. पूर्वी या दुकानात त्या आजाराचं नाव घेताना माणसं रडायची. आता तसं राहिलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रेप म्हणून गोळी मिळते, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची. किडनीची आणि एचआयव्हीची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानं घे. मात्र ती सिफिलिस, गनोरिया थांबवत नाही. सिफिलिसचा पहिला व्रण तर दुखतही नाही. पोरं माझ्याकडं मलम मागतात, काही आठवड्यांत तो आपोआप भरतो, आणि बरं झालं म्हणून ती हसत जातात. आतला आजार तसाच असतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शननं तो बरा होतो, पण तपासल्याशिवाय कुणाला कळणार?

रेणुकेच्या देवळाकडची एक जोगती, पुरुष म्हणून जन्मलेली आणि देवीला वाहिलेली, माझ्याकडं येते. गर्भनिरोधक गोळ्यांची चार चार पाकिटं मागते, अंग बायकी व्हावं म्हणून. वर विडी ओढते. त्या गोळ्या आणि विडी मिळून रक्ताच्या गुठळ्या होतात, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "आण्णा, मला मरणाची न्हाई, दाढीची भ्या वाटतीया." मी काय बोलणार? तिला हार्मोन्सच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली आणि बरोबर कोण येईल ते विचारलं. पुढच्या आठवड्यात मीच जाणार आहे.

तुझ्या त्या मैत्रिणीलाही सांग, पुरुषाशी संबंध नाही म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होत नाही असं नसतं. त्या कॅन्सरचा विषाणू, एचपीव्ही, बाईकडून बाईलाही जातो. तपासणी तिनंही करायची.

कंडोमची पाकिटं मी काचेतून काढून बाहेरच्या रॅकवर ठेवलीत. मागायची गरज नाही, उचलायचं आणि पैसे ठेवायचे. तुझ्या आईनंच जागा सुचवली.

आणि कधी चूक झाली, कंडोम फाटला, शुद्ध नव्हती, काहीही, तर 72 तासांच्या आत पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण रोखायचं औषध, सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस घ्यावं लागतं. रात्री दोनला फोन कर. कोण होता, कुठं होतास, काही विचारणार नाही. फोन आता उशाशी असतो, आवाज चालू ठेवून.

तुझा,
आण्णा

ता. क. तुझं लसीचं जुनं कार्ड आईला ट्रंकेत सापडलं. त्यात हिपॅटायटिस बीची नोंद नाही. तीन डोस लागतात, पहिल्यानंतर एका महिन्यानं दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. गणपतीला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येशील तेव्हा पहिला घेऊ, दुकानाच्या फ्रीजमध्ये तुझ्यासाठी काढून ठेवतो. तुझा मित्र येणार असेल तर आधी कळव, त्याचाही ठेवतो.