बाबा, राजीनामा देऊ नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

आईकडून सगळं कळलं. सोसायटीच्या ऑनलाइन सभेत ताळेबंदाऐवजी बाबांच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट पडद्यावर आला, बाबा इकडे आकडे वाचत राहिले, तिकडे लोक हसत राहिले. कुणीतरी त्याचं रेकॉर्डिंग केलं आणि रात्री ते ग्रुपवर टाकलं. आता खजिनदारपदाचा राजीनामा लिहून तयार आहे म्हणे. बाबा फोनवर यायला तयार नाहीत, म्हणून हे पत्र.

बाबा, मागे तुम्ही मला एक व्हिडिओ पाठवला होता. ऑफिसात बसलेला एक माणूस कीबोर्डवर मुठी आपटतो, मग तोच कीबोर्ड उचलून मॉनिटरवर हाणतो, मॉनिटर खाली पडतो आणि हा उठून त्याला लाथ घालतो. शेजारचा पार्टिशनवरून डोकावून बघतो. आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले. तुम्ही एकट्यानं विचारलं होतंत, "या माणसाची नोकरी गेली असेल का गं?"

नाही गेली, बाबा. तो प्रसंग मुळात घडवून आणलेला होता. अमेरिकेत कोलोराडो राज्यात ड्युरँगो नावाचं गाव आहे, तिथल्या लोरोनिक्स या कंपनीत १९९७ साली ते चित्रण झालं. पाळतीच्या कॅमेऱ्यांचं चित्रण टेपऐवजी संगणकावर साठवायची यंत्रणा ही कंपनी विकायची. ग्राहकांना दाखवायला नमुना हवा होता, म्हणून कंपनीतल्याच एकाला कॅमेऱ्यापुढे बसवलं. मॉनिटर बिघडलेला होता, संगणकाचं खोकं रिकामं होतं. पहिल्या खेपेला बघणाऱ्यांनाच हसू आवरेना, म्हणून परत घ्यावं लागलं. ग्राहकांना वाटलेल्या सीडीवरून ते ईमेलमध्ये शिरलं आणि जगभर फिरलं. बहुतेकांना ते खरोखर घडलेलं वाटलं. म्हणजे एका माणसाचा कामाच्या जागी खरोखर तोल गेलाय असं समजून लोक हसत होते. तुम्हाला मात्र त्याच्या पगाराची चिंता पडली. तुमची मुलगी म्हणून मला त्याचा फार अभिमान वाटला होता, आणि आज तुमच्यावर तीच वेळ आली म्हणून जिवाला लागलंय.

आता खरे घडलेले प्रसंग सांगते. २० एप्रिल १९९८, शिकागो. बिल गेट्स भरसभेत विंडोज ९८ दाखवत होते. नवं यंत्र जोडलं की संगणक आपोआप ओळखतो, हे दाखवायला त्यांच्या सहकाऱ्यानं, ख्रिस कॅपोसेला यांनी, स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर एकदम निळा स्क्रीन. संगणक कोलमडला. टीव्हीचे कॅमेरे चालू होते, सभागृह हसून टाळ्या पिटत होतं. गेट्स म्हणाले, म्हणूनच आम्ही अजून हे बाजारात आणलेलं नाही. दोन महिन्यांनी, जूनमध्ये, विंडोज ९८ बाजारात आलं. कॅपोसेला गेट्स यांच्याच मायक्रोसॉफ्ट कंपनीत राहिले आणि पुढे तिचे मार्केटिंगप्रमुख झाले.

दुसरा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. ९ फेब्रुवारी २०२१, कोरोनाचा काळ, पश्चिम टेक्सासमधल्या कोर्टाची सुनावणी झूमवर चालली होती. एका वकिलांच्या चेहऱ्याच्या जागी मांजराचं पिल्लू दिसायला लागलं. फिल्टर चालू राहिला होता. ते बिचारे सांगत होते, मी इथं हजर आहे, मी मांजर नाही. न्यायाधीश रॉय फर्ग्युसन चिडले नाहीत, त्यांनी टरही उडवली नाही. तुमच्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये फिल्टर चालू आहे, एवढंच शांतपणे सांगितलं. नंतर तो भाग त्यांनीच लोकांपुढे ठेवला, कारण मुलांनी वापरलेला संगणक असेल तर सुनावणीआधी सेटिंग तपासा, हे त्यांना इतर वकिलांना सांगायचं होतं. सगळे जण सभ्यतेनं वागले, असंही त्यांनी आवर्जून लिहिलं.

ती कोर्टाची उघडी सुनावणी होती. तुमचा तपासणीचा रिपोर्ट ही तुमची खासगी गोष्ट आहे. तो चुकून दिसला, इथवर ठीक. तो जपून ठेवून रात्री दोनशे घरांना पाठवणं हे कुणाच्या हातून चुकून झालेलं नाही. त्या माणसाला लाज वाटायला हवी, तुम्हाला कशाची? साठी उलटलेल्या पुरुषांपैकी कितीतरी जण ही तपासणी करून घेतात. उलट तुम्ही वेळेवर करून घेतलीत याचं मला बरं वाटलं. तुमची हरकत नसेल तर मी अध्यक्षकाकांशी बोलते आणि ती क्लिप ग्रुपवरून काढायला लावते. तुम्ही हो म्हटल्याशिवाय करणार नाही.

आई, तू त्यांना "सोडा हो ते पद, कशाला डोक्याला ताप" असं म्हणू नकोस. इतकी वर्षं बँकेत पैशापैशाचा हिशेब जुळवलेल्या माणसाला ते वाक्य फार लागतं. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीत ठेकेदाराचं जादा बिल त्यांनीच पकडलं होतं, ते सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे.

बाबा, पुढच्या सभेसाठी एवढं करा. सभा सुरू व्हायच्या आधी लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप आणि बाकीच्या फायली बंद करा, फक्त ताळेबंदाची एक्सेल उघडी ठेवा. शेअर दाबल्यावर यादी येते, त्यात पूर्ण स्क्रीन निवडू नका, एक्सेलची खिडकी तेवढी निवडा. म्हणजे मागून काहीही उघडलं तरी लोकांना ते दिसणार नाही. झूममध्ये जे लोकांना दिसतंय त्याच्याभोवती हिरवी चौकट येते, तिच्यावर नजर ठेवा. शनिवारी रात्री जेवणं झाली की मी फोन करते, आपण दोघं ताळेबंद शेअर करून बघू. आईलाही शेजारी बसू दे, तिच्या भजनी मंडळाला लागेलच.

आणि रिपोर्टमधले आकडे डॉक्टरांना कधी दाखवताय, ते त्याच फोनवर सांगा.

तुमची,
मनू