काकी, त्या एका पावतीबद्दल

ती. काकी,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नुसतं काकी म्हणते. मालवणच्या जेटीकडे जाताना खाजा, कोकमाचं आगळ, मसाला मिळतो ते दुकान म्हटलं की ओळखणारे ओळखतील.

परवा मुलीची अकरावीची फी भरली. खिडकीतून पैसे आत सरकवले, बाहेर आले आणि तिथेच पायरीवर बसून रडले. पोरगी घाबरली. तिला कसं सांगू की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच जूनमध्ये मी कुणापुढे हात पसरला नव्हता. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. बोट किनाऱ्याला लागली की पगारही बंद. शाळेची पुस्तकं, फी, छपरावरची फुटलेली कौलं हे सगळं मात्र नेमकं त्याच दोन महिन्यांत अंगावर येतं. दरवर्षी गळ्यातली डोरली गहाण पडायची आणि गणपती उलटल्यावर सुटायची. यंदा ती गळ्यातच आहेत. माझ्या गोधडीसाठी तुम्ही लिहून दिलेल्या त्या पावतीपासून हे सुरू झालं, म्हणून आज लिहायला बसले.

गोधड्या मी लग्नाआधीपासून शिवते. आईने शिकवलं. जुनी सुती लुगडी धुऊन धुऊन मऊ झालेली असतात, ती एकावर एक अंथरायची, सुरकुती राहू द्यायची नाही, मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायची आणि मग काठाकडून आत आत धावदोरा घालत जायचं. पावसात बाहेरचं काम नसतं, दुपारी पडवीत उजेड बरा असतो, तेव्हा हात आपोआप सुईकडे जातो. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या सहा लुगड्यांची एक मोठी गोधडी केली होती. ती मात्र विकायची नाही.

हाताच्या कामातून चार पैसे मिळतील असं मनात आलं आणि तिथून फसवणूक सुरू झाली. ही गोष्ट तुम्हाला त्या दिवशी अर्धीच सांगितली होती. फोनवर जाहिरात आली, ‘घरबसल्या पेन्सिली पॅक करा, महिन्याला तीस हजार’. नोंदणीचे १,८५० भरले. मग म्हणाले माल वाटेत अडकलाय, आणखी ३,००० पाठवा. पाठवले. त्यानंतर फोन लागला नाही. कुणाला सांगायची लाज वाटली म्हणून महिनाभर गप्प बसले. असं काही झालं तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर कळवायचं असतं हे मला फार उशिरा समजलं. ज्या बायका हे वाचतील त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नाही.

दुसरी जखम त्याहून खोल. एका मोठ्या गावातल्या दुकानदाराने माझ्या चार गोधड्या ठेवून घेतल्या. एकीचे साडेतीनशे, विकल्या की देतो. लिहून द्या म्हटलं तर हसला, ‘वहिनी, घरच्यासारख्या तुम्ही, कागद कसला?’ सात महिने खेपा घातल्या. शेवटी दोन गोधड्या परत मिळाल्या, कुबट वासाच्या, एकीवर बुरशीचे काळे ठिपके. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते त्यालाच माहीत. वर म्हणाला, ‘चिंध्यांना कोण विचारतो?’

आमच्या जिल्ह्यात हातकामाला मान नाही असं कोण म्हणेल? सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं लोक आवडीने घरी नेऊन मांडतात. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते हाताने रंगवतात, ते पाहायला लांबून माणसं येतात. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेसाठी, २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली. पण गोधडी घरोघरची, बाईने रिकाम्या वेळात शिवलेली, म्हणून तिची किंमत शून्य. तो वेळ रिकामा नसतो. भात लावून, भाकऱ्या थापून, गुरांचं करून जो उरतो तो वेळ असतो.

मागच्या जुलैत तुमच्या दुकानात शिरले ती कोकम द्यायला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाही, रस्ता ओस. पिशवीत गोधडी होती कारण मी ती शिंप्याला दाखवून परत आणत होते, त्यालाही नको होती. तुम्ही पिशवीतून डोकावणारा काठ बघितलात आणि विचारलंत, ‘कोणी शिवल्यान गे?’

मी म्हटलं, मी. तुम्ही हात पुसलेत, चष्मा लावलात, गोधडी गल्ल्याशेजारच्या बाकावर पूर्ण पसरलीत आणि उलटी केलीत. उलट्या बाजूवरून बोट फिरवत गेलात, काठापासून मधापर्यंत. एवढा वेळ माझ्या शिवणकामाकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी सहाशे मागितले. तुम्ही रागावलात.

‘सहाशेत देतंस? दोरो फुकट येता काय? किती दिवस गेले हिका?’

बावीस दुपारी, रोज तीन तास. तुम्ही खाज्याच्या पुड्याच्या कागदावर हिशोब मांडलात. ६६ तास, तासाला तीस रुपये, म्हणजे १,९८०. वरचं कापड आणि दोरा २२०. एकूण २,२००. तो आकडा बघून मी म्हणाले, एवढे कोण देणार? तुम्ही म्हणालात, ‘तां माझा काम. शंभरातले पंधरा माझे, आधीच सांगतंय.’

आणि मग तुम्ही पावतीपुस्तक काढलंत, कार्बन घालून. त्या क्षणासाठी हे सगळं पत्र आहे, काकी. पेन धरून तुम्ही नाव विचारलंत आणि सवयीने मी ह्यांचं नाव सांगितलं. रेशनकार्डावर ते, वीजबिलावर ते, मुलीच्या दाखल्यावर ते. तुम्ही पेन उचललंत.

‘घोवाचा नाय गे. तुझा नाव सांग.’

मी सांगितलं. तुम्ही सावकाश, अक्षर न अक्षर लावून लिहिलंत. माझं नाव. खाली ‘हातशिलाई गोधडी, १ नग, २,२००. दुकान ३३०. शिवणारीचे १,८७०.’ सही केलीत, तारीख घातलीत, फाडून माझ्या हातात दिलीत. ‘सांभाळून ठेव. उद्या मी नाय म्हटलंय तर ह्या दाखव.’

तुमच्याविरुद्ध उभं राहायचा कागद तुम्हीच माझ्या हातात दिलात. कुणी न मागता. ज्याला फसवायचं नसतं तो माणूस कागदाला घाबरत नाही, हे मला त्या दिवशी दिसलं. कोकणात अशी माणसं अजून आहेत. तोललेल्या मासळीवर वर एक बांगडा टाकणारी कोळीण आहे, सुट्टे नसले तर ‘राहू दे, उद्या दे’ म्हणणारा कंडक्टर आहे. त्यांची बातमी होत नाही.

गणपतीत चाकरमानी आले आणि गोधडी गेली. दुसऱ्याच दिवशी तुमचा निरोप आला, पैसे घेऊन जा. त्यानंतर दुपटी सुरू झाली, मुंबईला बाळंतिणींना मऊ लुगड्याची दुपटी हवी असतात हे तुम्हीच सुचवलंत. डब्यात आता १३ पावत्या आहेत. हे बोटीवर जाण्याआधी कधी कधी डबा उघडून बघतात. काही बोलत नाहीत. गेल्या महिन्यात बाजारातून पांढऱ्या दोऱ्याची चार रिळं घेऊन आले, मी न सांगता.

आता पडवीत एक गोधडी पसरली आहे. निळ्या काठाची, मधे माझ्या आईच्या लुगड्याचा पट्टा. ती तुमच्यासाठी आहे, दुकानासाठी नाही. बाकावर बसून बसून तुमचे गुडघे धरतात ते मला माहीत आहे. नारळी पौर्णिमेला घेऊन येते. उलटी करून नीट बघा. एखादा टाका वाकडा दिसला तर सांगा, तिथेच बसून उसवून देईन.

तुमची,
आचऱ्याकडची गोधडीवाली