आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आईवरचे उपचार गावाजवळच झाले, त्यासाठी आधी आभार. आमच्या सत्तरी तालुक्यात मनाच्या आजारासाठी बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचं म्हटलं की चार घरांत चर्चा होते. आई त्या बसमध्ये चढलीच नसती.

ती आली होती झोप लागत नाही, अंग दुखतं म्हणून. डॉक्टरांनी तपासलं आणि शेजारच्या खोलीत तुमच्याकडे धाडलं. 'गेल्या दोन आठवड्यांत...' असे नऊ प्रश्न तुम्ही विचारलेत. जीव नकोसा वाटतो का, या शेवटच्या प्रश्नाला आई जे बोलली, ते घरात कुणाच्याच कानावर आलं नव्हतं.

'मन घट्ट करा' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. (त्यासाठी आमचे नातेवाईक पुरेसे होते.) पूर्वी काय आवडायचं, एवढंच विचारलंत. अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, करायला, आई म्हणाली. लगेच गृहपाठ: मंगळवारी एक फात करायची आणि नंतर मन कसं होतं ते वहीत मांडायचं. आईला लिहायचा कंटाळा, म्हणून हसरे-रडके चेहरे काढायचे ठरलं. पहिलं पान सगळं रडकं.

ही पद्धत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेनं गोव्यातल्याच १० सरकारी आरोग्य केंद्रांत पारखून घेतली होती, हे मी नंतर वाचलं. २०१७ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातले आकडे असे: नेहमीच्या उपचारांना समुपदेशनाची जोड मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर होते, जोड न मिळालेल्यांत ३९ टक्के. आणि समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली इथलीच माणसं होती.

पण असा अभ्यास छापून आला म्हणून गावात पोचत नाही. तुमच्या खोलीत लशींचा फ्रीज होता. नर्सबाई लस काढायला आल्या की तुम्ही बोलणं थांबवायचात. डॉक्टर बदलले तेव्हा तुमच्याकडे पेशंट यायचेच बंद झाले. तुम्ही तक्रार न करता ओपीडी सुरू होण्याआधी नव्या डॉक्टरांसमोर वही उघडून बसलात. संस्था आणि सरकार यांची भागीदारी म्हणतात ती मला तरी तिथेच दिसली. त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचेही आभार.

आई आता बरी आहे. एक काम मात्र वाढवतोय: शेजारच्या काकांच्या पिण्याबद्दल काकूंना तुमचा वार सांगितला आहे. काका येतील असं वाटत नाही. काकू नक्की येतील.

आपला,
सत्तरीतला एक मुलगा