मार्क-लिराचा दर, पण कोणत्या सालचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला परदेशी मजुरांवरचा लेख आवडीने वाचला. १९५५ च्या करारानंतर इटलीतून जर्मनीत कामाला गेलेल्या माणसांची हकिगत त्यात छान उतरली आहे. एका वाक्यापाशी मात्र मी अडले. १९७० साली असा मजूर महिन्याला २०० मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) घरी पाठवी, 'म्हणजे जवळजवळ दोन लाख लिरा' (इटलीचं तेव्हाचं चलन), असं छापलंय. दोन लाख नव्हे, ३४ हजार. चूक थोडीथोडकी नाही, सहापट आहे.

लेखकाने एका मार्काला ९९० लिरा हा दर धरलेला दिसतो. आकडा खोटा नाही, पण तो १९९६ नंतरचा. १९७० साली डॉलरला ६२५ लिरा पडत आणि मार्क पडत ३.६६. भागाकार करून बघा, १७१ च्या आसपास येतो. त्याच्या दहा वर्षं आधी डॉलर ४.२० मार्कांचा होता, तेव्हा तर एका मार्काला १४९ च लिरा.

चोपड्यात आधी बालवाडीत आणि मग प्राथमिक शाळेत माझी नोकरी झाली. मला हे मार्क-लिराचं कुठून आलं, असं कुणी विचारेल. आमचे थोरले बंधू, नाना, मालवाहू जहाजावर फिटर होते. इटलीतलं जेनोवा, जर्मनीतलं हॅम्बर्ग ही बंदराची गावं आम्हाला त्यांच्या पत्रांमुळे यावल-रावेरसारखी तोंडपाठ. मागच्या वर्षी ते गेले. वहिनींनी त्यांची लोखंडी पेटी उघडली, तर सीडीसीच्या पुस्तिकेत, म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदवहीत, दोन नोटा निघाल्या. एक इटलीची १००० लिरांची, तिच्यावर माँटेसरीबाई आणि मागे अभ्यासाला बसलेली दोन मुलं. (ताराबाई मोडकांचं नाव घेत बालवाडी चालवलेल्या मला ती बघून काय वाटलं असेल!) दुसरी जर्मनीची फक्त १० मार्कांची. तिच्यावर गणिती गाउस आणि त्याच्या शेजारी घंटेसारखा तो आलेख, सूत्रासकट. थोरल्या भाच्याने लगेच हजाराची नोट उचलली आणि 'लहान' नोट बहिणीला दिली. मी हसले. ज्या काळातल्या या नोटा, तेव्हा गाउसच्या एका नोटेला माँटेसरीबाईंच्या आठ-दहा तरी मोजाव्या लागत.

लिरा इतका का घसरला, हे आम्हाला १९९२ साली नानांच्या पत्रातून कळलं. ऑगस्टअखेर जेनोवाला त्यांनी जहाजावर ॲडव्हान्स घेतला, तीन लाख लिरा. हॅम्बर्गला उतरल्यावर त्याचे मार्क करून बाबांसाठी टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट एकत्र) घ्यायचा बेत होता. युरोपातल्या देशांनी आपापसांत दर बांधून घेतले होते. मार्काचा मधला दर ७४८ लिरा, आणि लिराने फार तर ७६५ पर्यंत उतरायचं. ऑगस्टअखेर तो त्या तळालाच चिकटला होता. त्या हिशेबाने नानांचे ३९० मार्क व्हायचे. पण दोन जर्मनी एक झाल्यावर तिथल्या मध्यवर्ती बँकेने महागाईला लगाम म्हणून जुलैत व्याजदर ८.७५ टक्क्यांवर नेला होता, सगळा पैसा मार्काकडे धावत होता, आणि इटलीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. १४ सप्टेंबरला मधला दर ८०२ करावा लागला. तोही तीन दिवस टिकला नाही, १७ तारखेला लिरा त्या व्यवस्थेतूनच बाहेर पडला. ८०२ ने हिशेब केला तरी ३७४ मार्क होतात. नानांना त्याहूनही कमी मिळाले. टू-इन-वन राहिला, ट्रान्झिस्टर आला.

ते पत्र मी ओट्यावर बाबांना वाचून दाखवलं. बाबा केळीवाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे तर आपल्यासारखंच झालं, बोर्डाचा भाव एक आणि बांधावरचा एक. बाजार समितीने जाहीर केलेल्या भावाने व्यापारी माल कापत नाही म्हणून त्यांचं रोजचं भांडण असायचं. सकाळी पहिला प्रश्न 'आजना भाव काय से?' कालचा भाव कुणी सांगू लागला तर ऐकूनही घेत नसत.

पुढचं थोडक्यात. १९९५ च्या वसंतात मार्क १२०० लिरांच्याही पुढे गेला. नोव्हेंबर १९९६ मध्ये लिरा ९९० वर परत व्यवस्थेत आला, आणि युरोसाठी जवळपास तिथेच कायमचा गोठला. १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क किंवा १९३६.२७ लिरा. मार्काचे थेट लिरा करायचे नाहीत, आधी युरो करायचे आणि मग लिरा, असा नियमच होता. दशांशाचा भागाकार आवडणाऱ्यांनी १९३६.२७ ला १.९५५८३ ने भागून बघावं. ९९० ला केसभर कमी येतं. तोच ९९० आपल्या लेखकाने मागे नेऊन १९७० ला लावला. मधल्या १९७९ सालचा दर लावला असता तरी ४५७ च येतो.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि यापुढे परदेशी रकमेचा हिशेब दिलात तर शेजारी साल द्यावं, ही विनंती.

नोटांचं काय झालं तेही सांगते. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्क अजून बदलून देते, मुदत नाही. गाउसचे ५ युरो ११ सेंट येतील. लिरा बदलायला फेब्रुवारी २०१२ पर्यंत वेळ होता, पण इटलीच्या सरकारने ६ डिसेंबर २०११ लाच खिडकी बंद केली. हे कळल्यावर थोरला भाचा अदलाबदल करायला आला होता. भाचीने दिली नाही. जर्मनीला रजिस्टर पाठवायचा खर्च ऐकून तिने ती नोट पुन्हा सीडीसीत ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चोपडा (जि. जळगाव)